‘हरकत नाही’ : महाड म्युनिसिपालिटीचे दोन ठराव (१९२४ व १९२७)

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सभांचे कामकाज हा इतिहासाच्या अभ्यासकाला सहसा नीरस वाटणारा विषय होय. दिवाबत्ती, गटारे, घरपट्टी, जकात, बाजाराची जागा यांसंबंधीचे ठराव एकामागून एक वाचीत जावे, आणि शेकडो पृष्ठांनंतर हाती काही लागले असे वाटू नये, हा अनुभव अनेकांचा असेल. तथापि अशाच एका लहान गावच्या म्युनिसिपालिटीने साडेतीन वर्षांच्या अंतराने संमत केलेल्या दोन ठरावांनी महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात असाधारण स्थान मिळविले आहे. पहिला ठराव ५ जानेवारी १९२४ चा. दुसरा, पहिल्यास रद्द करणारा, ४ ऑगस्ट १९२७ चा. गाव कुलाबा जिल्ह्यातील महाड, आणि विषय तेथील चवदार तळे.

महाडच्या सत्याग्रहाचा वृत्तान्त आपल्याकडे बहुधा २० मार्च १९२७ च्या मिरवणुकीपासून सांगितला जातो, आणि ते स्वाभाविकच आहे. म्युनिसिपालिटीच्या ठरावांचा उल्लेख त्यात पार्श्वभूमी म्हणून एखाद्या वाक्यात येतो. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा करून ठरावांकडेच पाहावयाचे आहे. या ठरावांनी कायद्याच्या दृष्टीने नेमके काय केले, काय केले नाही, आणि ते करणाऱ्यांना जे घडेल असे वाटले होते ते घडले काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पहिल्या ठरावाचा उगम महाडात नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व राखलेली, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या व्यवस्थेखाली असलेली सर्व पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य वर्गांना मोकळीक असावी, अशी कौन्सिल शिफारस करीत आहे, असा त्याचा आशय होता. यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की, हक्काचा आधार येथे धर्म किंवा दया हा नसून सार्वजनिक पैसा व सार्वजनिक व्यवस्था हा आहे. जे सर्वांच्या पैशाने चालते ते सर्वांचे, अशी ही विचारसरणी. दुसरी ही की, ठरावाचे क्रियापद ‘शिफारस करणे’ हे आहे. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे सोपीव खाते बनून मंत्र्यांच्या हाती आले होते खरे. परंतु कौन्सिलचा ठराव हा कायदा नव्हे, तो सरकारला दिलेला सल्ला.

सरकारने हा सल्ला कसा स्वीकारला हे ११ सप्टेंबर १९२३ च्या आज्ञेवरून दिसते. ही आज्ञा बारकाईने वाचली पाहिजे, कारण तिच्यात सार्वजनिक ठिकाणांचे दोन वर्ग पाडलेले आहेत. जी ठिकाणे व संस्था सरकारच्या मालकीच्या व सरकारी खर्चाने चालणाऱ्या, त्यांच्यापुरता ठराव अमलात आणावा असे सर्व खात्यांच्या मुख्याधिकाऱ्यांना स्पष्ट फर्मावले आहे. उरलेल्या ठिकाणांच्या बाबतीत मात्र भाषा पालटते. कलेक्टरांनी आपल्या हद्दीतील स्थानिक सार्वजनिक संस्थांना, ही शिफारस त्यांच्यापुरती स्वीकारणे इष्ट आहे किंवा कसे याचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, अशी ती तरतूद होती. म्हणजे कौन्सिलने सरकारला शिफारस केली. सरकारने कलेक्टरास विनंती केली. कलेक्टराने म्युनिसिपालिटीस सल्ला द्यावयाचा. आणि म्युनिसिपालिटीने इष्टानिष्टतेचा विचार करावयाचा. हातोहात जाताना प्रत्येक टप्प्यावर मूळ वाक्यातील जोर थोडा थोडा कमी होत गेलेला आहे. स्थानिक संस्थांच्या स्वायत्ततेविषयी आदर हे त्याचे एक कारण म्हणता येईल. परंतु ज्या प्रश्नावर गावोगावचे बहुमत कोणत्या बाजूचे हे सर्वांस ठाऊक होते, तोच प्रश्न त्या बहुमतावर सोपविण्याची सोय त्या आदरात होती, हेही नाकारता येत नाही.

बहुसंख्य संस्थांना हा सल्ला बाजूस ठेवणे अवघड गेले नाही. पुढे ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला. पहिल्या ठरावाप्रमाणे न वागणाऱ्या म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डे यांचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी त्यात शिफारस होती. केवळ तीन वर्षांत शिफारशीला दंडाची जोड देण्याची गरज भासली, यावरून तिचा काय परिणाम झाला असेल ते कळून येते.

या पार्श्वभूमीवर महाड म्युनिसिपालिटीचा ५ जानेवारी १९२४ चा ठराव निश्चितच उठून दिसतो. सरकारी आज्ञेनंतर चार महिन्यांच्या आत या लहान संस्थेने विषय सभेपुढे घेतला आणि अनुकूल निर्णय दिला. त्याचे श्रेय गावातील सुधारकांच्या एका लहान गटाकडे जाते. म्युनिसिपालिटीचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे या गटातील प्रमुख. अनंतराव चित्रे हेही त्यांचे सहकारी. या मंडळींचा रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या अस्पृश्य समाजातील तरुण कार्यकर्त्यांशी निकटचा संबंध होता, आणि १९२७ ची परिषद महाडास भरण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. मताधिकार करपात्रतेवर अवलंबून असलेल्या त्या काळी म्युनिसिपालिटीत घरमालक व व्यापारी यांचाच भरणा असणार हे उघड आहे. अशा सभेत असा ठराव संमत व्हावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

परंतु ठरावाची शब्दयोजना पाहिली पाहिजे. अस्पृश्यांना तळ्याचा उपयोग करू देण्यास म्युनिसिपालिटीची हरकत नाही, असा त्याचा आशय होता. ‘हरकत नाही’ हे शब्द आपल्या कचेरीच्या मराठीत इतके रुळलेले आहेत की त्यांचा अर्थ शोधण्याचे कोणाच्या मनात येत नाही. (प्रस्तुत लेखकासारखे लोक तर ‘असे म्हणण्यास हरकत नाही’ या आधारावर अर्धे लेख लिहितात.) वस्तुतः या शब्दांची जात निषेधात्मक आहे. ‘तळे सर्वांस खुले आहे’ असे म्हणणे वेगळे. ‘तळे सर्वांस खुले राहील अशी व्यवस्था म्युनिसिपालिटी करील’ असे म्हणणे त्याहून वेगळे. आणि ‘आमची हरकत नाही’ असे म्हणणे या दोहोंहून वेगळे. पहिल्यात हक्काची घोषणा आहे, दुसऱ्यात कर्तव्याचा स्वीकार आहे. तिसऱ्यात एवढेच आहे की, हरकत घेणाऱ्यांच्या यादीतून बोलणाऱ्याने आपले नाव काढून घेतले. इतर कोणी हरकत घेतल्यास काय करावयाचे, याविषयी ते वाक्य मौन पाळते.

आणि हरकत घेणारे इतर होते, हेच तर महाडच्या स्थितीचे सार होते. पुढे मुंबई हायकोर्टाने आपल्या निकालपत्रात या तळ्याचे वर्णन केले आहे, ते येथे उपयोगी पडते. चार-पाच एकरांचे हे तळे पावसाच्या पाण्यावर व काही झऱ्यांवर भरते. चोहोबाजूंस म्युनिसिपालिटीचे रस्ते, त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची व थोडी मुसलमानांची घरे. काठावरील जमिनीच्या पट्ट्या, घाट व दगडी बांध यांपैकी अनेक याच घरमालकांच्या मालकीचे, थोडे घाट म्युनिसिपालिटीचे. अस्पृश्यांचे घर जवळपास एकही नाही. अशा जागी पाण्यापर्यंत पोचावयाचे म्हणजे ज्यांचा विरोध त्यांच्याच दारांवरून जावयाचे. सभागृहात घेतलेल्या निर्णयाला या रस्त्यावर उतरवावयाचे तर पाट्या, दवंडी, शिपाई, आणि प्रसंगी पोलिसांकडे अर्ज, या साधनांची आवश्यकता होती. ‘हरकत नाही’ एवढे म्हणून थांबणाऱ्या ठरावातून असे काही निघत नव्हते. तीन वर्षांहून अधिक काळ तो कागदावर राहिला. बाजारहाटासाठी व सरकारी कामासाठी महाडास येणारा अस्पृश्य मनुष्य पूर्वीप्रमाणेच तळ्याच्या बाजूने तहानेला जात राहिला.

१९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महाडास भरली. परिषदेसाठी लागणारे पाणी चाळीस रुपये खर्चून विकत घ्यावे लागले होते, ही नोंद बोलकी आहे. ज्या गावच्या म्युनिसिपालिटीची हरकत नव्हती त्या गावची ही गोष्ट. २० तारखेस प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठली, परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि पुढे १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. हा सर्व भाग सुप्रसिद्ध असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातील एकच मुद्दा महत्त्वाचा आहे. प्रतिनिधींनी केलेले कृत्य नियमभंगाचे नव्हते. म्युनिसिपालिटीने ज्याला संमती दिली होती तेच त्यांनी प्रत्यक्षात केले. ‘सत्याग्रह’ या शब्दाबरोबर कायदेभंगाची कल्पना आपल्या मनात इतकी जडलेली आहे की, महाडास सत्याग्रही कायद्याच्या बाजूस उभे होते ही गोष्ट सहज निसटते.

म्हणूनच विरोधकांना पहिली गरज वाटली ती हा आधार काढून घेण्याची. ४ ऑगस्ट १९२७ रोजी म्युनिसिपालिटीने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा मूळ ठराव कौन्सिलात संमत झाल्यास त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. हा योगायोगच असणार. पण इतिहासकाराने नोंदवावा असा आहे.

हा दुसरा ठराव पहिल्यापेक्षाही अधिक चिकित्सेस पात्र आहे. त्याने काय साधले? एखादी मनाई रद्द केली तर मोकळीक निर्माण होते, हे समजते. परंतु ‘हरकत नाही’ हे विधान मागे घेतल्याने मनाई निर्माण होते काय? तर्काने पाहता होत नाही. म्युनिसिपालिटी १९२४ च्या पूर्वी ज्या मौनात होती त्या मौनात परत गेली, एवढाच त्याचा अर्थ. अस्पृश्यांना तळे बंद आहे असा नियम तिने केला नाही. सार्वजनिक तळ्याच्या बाबतीत केवळ जातीच्या आधारावर तसा नियम करता आला असता काय, हा प्रश्नही तिने स्वतःवर ओढवून घेतला नाही.

शिवाय या ठरावात, तो करणाऱ्यांच्या बहुधा ध्यानात न आलेली, एक कबुली दडलेली होती. तळ्याविषयी संमती देण्याचा व ती परत घेण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीस आहे, हे गृहीत धरल्याशिवाय तो ठराव करताच येत नाही. आणि म्युनिसिपालिटीस हा अधिकार असावयाचा तर तळे सार्वजनिक असले पाहिजे. मार्चनंतर गावात जो युक्तिवाद चालला होता त्याचा रोख तळे स्पृश्यांचे स्वतःचे आहे असा होता. ऑगस्टमध्ये याच पक्षाच्या समाधानासाठी झालेला ठराव मात्र त्या युक्तिवादाच्या विरुद्ध बाजूस जाऊन बसला. लोकांच्या खाजगी मालमत्तेविषयी म्युनिसिपालिटीने हरकत असल्याचे वा नसल्याचे बोलण्याचे कारणच नव्हते.

ऑगस्टचा ठराव पुरेसा नाही हे विरोधकांनाही उमगले असावे, असे पुढील घटनांवरून आमचे मत झाले आहे. डिसेंबरच्या अखेरीस दुसरी परिषद व प्रत्यक्ष सत्याग्रह व्हावयाचा होता. ठराव रद्द झाल्याने तळे बंद झाले असते तर केवळ पोलिसांकडे जाणे पुरले असते. परंतु १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा गुदरण्यात आला. गावच्या स्पृश्य हिंदूंच्या वतीने काहींनी वादी व्हावे, आणि डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांना अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी करावे, असे त्या दाव्याचे स्वरूप होते. चवदार तळे हे खाजगी मालकीच्या स्वरूपाचे असून केवळ स्पृश्यांचे आहे, तेथे जाण्याचा वा पाणी घेण्याचा अस्पृश्यांना हक्क नाही, असे जाहीर करून मिळावे व कायमची मनाई व्हावी, ही मागणी होती. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. जे काम म्युनिसिपालिटीच्या ठरावाने झाले नव्हते ते दोन दिवसांत कोर्टाने केले.

२५ डिसेंबर रोजी परिषद भरली तेव्हा तिच्यापुढे या हुकमामुळे मोठा पेच उभा राहिला. पाणी केवळ पिण्यासाठी नव्हे तर इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जावयाचे आहे, हा त्या वेळच्या अध्यक्षीय भाषणाचा गाभा होता. त्याच भाषणात, अन्य धर्मीयांना व पशुपक्ष्यांनाही पाणी घेण्यास आडकाठी नसताना ती अस्पृश्यांनाच आहे, या विसंगतीवर डॉ. आंबेडकरांनी बोट ठेवले होते. मार्चमध्ये जे कायद्याच्या आधाराने झाले तेच आता कोर्टाच्या हुकमाविरुद्ध करावे लागणार होते. जिल्ह्याच्या कलेक्टरने परिषदेत येऊन समजावणी केली. प्रतिनिधींचा उत्साह पाणी पिण्याकडेच होता. तरीही २७ डिसेंबर रोजी सत्याग्रह तहकूब करून मिरवणुकीवर समाधान मानण्यात आले. मनुस्मृतीच्या दहनामुळे या परिषदेला जे स्थान मिळाले ते निराळे. तहकुबीचा निर्णय पुष्कळांना माघार वाटला. आम्हांस त्यात एक सुसंगती दिसते. ज्याचा सारा दावा ‘तळे कायद्याने सार्वजनिक आहे’ या पायावर उभा होता, त्याने तो दावा कायद्याच्या मार्गानेच शेवटास नेणे श्रेयस्कर होते. तो मार्ग दहा वर्षांचा निघेल, हे मात्र त्या दिवशी कोणास सांगता आले नसते.

महाडच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ रोजी लागला. अस्पृश्यांना वगळून तळे वापरण्याची जुनी वहिवाट वादींनी सिद्ध केली आहे, परंतु तिच्यातून कायदेशीर हक्क उत्पन्न होत नाही, असे न्यायाधीशांनी ठरविले. ठाण्याच्या न्यायालयातील अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. तेथे वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचे शाबीत झाले नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर मुंबई हायकोर्टात दुसरे अपील झाले आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी तेही फेटाळले.

येथे वादींच्या भूमिकेत झालेला पालट नजरेआड करू नये. तळे खाजगी मालकीचे हा मूळ मुद्दा दाव्यानंतर टिकला नाही. तळे सरकारचे असून ते जिल्हा म्युनिसिपालिट्यांच्या कायद्यान्वये म्युनिसिपालिटीकडे निहित झाले आहे, हे हायकोर्टात वादींनी विवाद्य ठेवले नव्हते. शिल्लक राहिला तो केवळ वहिवाटीचा आधार : मालकी म्युनिसिपालिटीची असो, परंतु उपभोगाचा अनन्य हक्क परंपरेने आमचा आहे. ऑगस्ट १९२७ च्या ठरावात जी कबुली अव्यक्त होती ती अशा रीतीने दहा वर्षांनी कोर्टात व्यक्त झाली.

वहिवाटीविषयी हायकोर्टाचे विवेचन मार्मिक आहे. अलीकडच्या काळात अस्पृश्य तळ्यावर जात नसत, एवढ्याने ती स्थिती अनादि असल्याचे अनुमान निघत नाही. इतके मोठे व उघडे तळे. त्याच्याभोवती सवर्णांची घरे उभी राहीपर्यंत पाण्याचा अनन्य उपभोग राखण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, हेच शंकास्पद आहे, असे न्यायमूर्तींनी म्हटले. वस्तीचा इतिहास आणि रूढीचा इतिहास यांची अशी सांगड घालणे हे उत्तम इतिहासकाराचे लक्षण मानले जाईल. आपल्याकडे ‘पूर्वापार’ हा शब्द जेथे जेथे येतो तेथे तेथे, ‘कोणत्या घरांच्या पूर्वी?’ असा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी असे वाटते.

परंतु निकालाचा आणखी एक भाग आहे आणि तो सहसा उद्धृत होत नाही. वहिवाट सिद्ध न झाल्याने काही प्रश्नांत शिरण्याची आवश्यकता न्यायालयास उरली नाही. ही वहिवाट अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय. तळे म्युनिसिपालिटीकडे निहित झाल्याचा कायदेशीर परिणाम काय. आणि ज्या दाव्यात म्युनिसिपालिटी पक्षकारच नाही त्या दाव्यात वादींना काही दाद मिळू शकली असती काय, हे ते प्रश्न. त्यांवर पुरेसा युक्तिवाद झालेला नसल्याने न्यायालयाने मत देण्याचे टाळले.

म्युनिसिपालिटी पक्षकार नव्हती! तळे तिचे, त्याविषयी दोनदा ठराव तिने केलेले, तिच्या एका ठरावाच्या आधारे हजारो माणसे पाण्यावर गेलेली, आणि तो आधार काढून घेणाराही दुसरा ठराव तिचाच. असे असता तिच्याच तळ्याविषयीच्या वादात दहा वर्षे, तीन न्यायालयांत, ती कोठेच उभी नव्हती. वादींना तिला ओढणे सोयीचे नव्हते, कारण मग मालकीचा प्रश्न पहिल्याच दिवशी पुढे आला असता. ५ जानेवारी १९२४ रोजी ‘हरकत नाही’ असे म्हणून म्युनिसिपालिटीने जी तटस्थतेची जागा निवडली होती, तिथेच ती अखेरपर्यंत राहिली, असे म्हणावे लागते. टिपणीस व त्यांचे सहकारी यांचे श्रेय याने उणे होत नाही. १९२४ च्या सभेत याहून कडक शब्दांचा ठराव आला असता तर तो संमत झाला असता किंवा नाही, याचा विचार त्यांनीही केलाच असणार, आणि पडणाऱ्या कडक ठरावापेक्षा संमत होणारा मवाळ ठराव बरा, हा हिशेब सभांच्या कामकाजात नेहमीचा आहे. त्या मवाळ ठरावाचा उपयोग १९२७ च्या मार्चमध्ये झाला, हेही खरेच.

१९३७ च्या निकालाने अस्पृश्यांना हक्क आहे असे जाहीर केलेले नाही. वादींचा अनन्य हक्क सिद्ध झाला नाही एवढेच ठरविले आहे. सार्वजनिक मालकीचा कायदेशीर परिणाम काय, हा अनुत्तरित राहिलेला प्रश्न पुढे कायद्याने सोडविला. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक वावराची ठिकाणे यांचा नावानिशी उल्लेख आहे. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेल्या अथवा जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणास्तव कोणत्याही नागरिकावर निर्बंध असू नये, असे त्यात म्हटले आहे. १९२३ च्या ठरावातील ‘सार्वजनिक पैसा’ ही कसोटी येथे पुन्हा भेटते. ‘शिफारस’ हे क्रियापद मात्र गेलेले आहे, आणि कलेक्टरमार्फत सल्ला देण्याची पायरीही. तळ्याच्या बाबतीत आपली हरकत आहे की नाही, हे सभा भरवून ठरविण्याचा प्रसंग त्यानंतर कोणत्याही म्युनिसिपालिटीस उरला नाही.